दोन दात, नुक्ता नाही

पहाटे साडेपाच. येडशीजवळच्या रामलिंगच्या उतारापर्यंत जाऊन येतो. माकडं अजून झाडावरच. ती खाली उतरली की हातातली पिशवी आपली राहत नाही.

सात. चहा आणि लेख. सेतुमाधवराव पगडींवर लिहायचंय. जन्म 1910, निलंग्याचा. लातूर जिल्हा 1982 साली निघाला. त्याआधी काही वर्षं निलंगा आणि आमचं येडशी एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे आमचेच. निजामाच्या मुलकी नोकरीत होते. आदिलाबादेत गोंडांशी काम पडलं तेव्हा गोंडी शिकले, वर तिचं व्याकरण लिहिलं. मोगल दरबारची फारसी बातमीपत्रंही त्यांनी मराठीत आणली.

नऊ. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातला मार्को फोस्कारिनी पगडींच्याच जातकुळीचा. व्हिएन्ना, रोम, तुरिनला त्यानं वकिली केली. परतलेल्या वकिलानं त्या दरबाराचा वृत्तान्त सिनेटपुढे मांडायचा, असा तिथला रिवाज. लिहिता हात नोकरीतच घडायचा. व्हेनिसच्या वाङ्मयाचा इतिहास त्यानं लिहायला घेतला. 1752 मध्ये पहिला खंड छापला, पुढचं राहिलंच. 1762 साली डोज, म्हणजे राज्याचा प्रमुख झाला आणि दहा महिन्यांत वारला. संपादक म्हणतील, हे येडशीहून फार लांब गेलं. जाऊ दे.

अकरा. फाटक वाजलं. निजामकाळातल्या उर्दू कागदाची नक्कल घेऊन एक शेतकरी आलाय. मुलीच्या प्रवेशाला कुणबी नोंद हवी.

"गुर्जी, एवढं वाचून द्या की."

भिंग लावलं. घसीट लिपी. 'कुणबी'त नून या अक्षराचा नुक्ता, म्हणजे टिंब, वर; बेचा खाली. कारकुनानं दोन्ही गाळलेत. उरलेत नुसते दोन दात. ते काहीही असू शकतात.

"मग लिवा की कुणबीच."

"आन् उद्या कुणी विचारलं तर?"

तो गप्प बसला. मलाही बरं वाटलं नाही. पगडी असते तर या शेतकऱ्याला कुणा गुर्जींकडे यावं लागलं नसतं.

दीड. भाकरी, शेंगाची चटणी, डुलकी.

चार. तो अजून ओसरीवरच. पान पुन्हा पाहिलं. खाली त्याच हातानं 'बागायत' लिहिलंय, तिथंही नुक्ता नाही. आळशीच गडी. "मागच्या-पुढच्या पानांच्या नकला काढा," म्हटलं, "कुठंतरी दिलाच असंल त्यानं." उद्या तहसीलला जातो म्हणाला.

रात्री नऊ. पगडींना भाषा किती यायच्या, तो आकडा लेखातून खोडला, सगळेच देतात. त्या जागी कारकुनाचे दोन दात घातले.