जुन्या गाडीचा खडखडाट आणि दुरुस्तीचा हिशोब



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी खर्चाची यादी निघते. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलांची फी, आणि हल्ली त्यात एक कलम हमखास असते, ते म्हणजे गाडीचे काम. पुष्कळ सभासदांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून ती रोज आदळत-आपटत जाते आणि एके दिवशी खालून ठकठक ऐकू येऊ लागते. मग कोणी म्हणतो, “पळतीय ना, मग पळू द्या.” कोणी घाबरून मिस्तरीला सांगतो, “खालचं सगळं नवीन टाका.” पहिल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात खिशाला. या दोन्हींतून वाट कशी काढावी, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पहिली गोष्ट ही की, आवाज मोठा म्हणून खर्च मोठा असे मुळीच नाही. कानठळ्या बसविणारा खडखडाट एखाद्या स्वस्त रबराचा असू शकतो, आणि बारीकशी ठकठक चाकाचा सांधा निखळण्याची आगाऊ सूचना असू शकते. म्हणून आवाज किती येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे पाहावे.

आधी फुकटची तपासणी

गॅरेजला जाण्यापूर्वी डिकी रिकामी करावी. स्टेपनी, जॅक, टामी सैल असली तरी खड्ड्यात ठणठण वाजते. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो, ती तुटली आहेत का ते वाकून पाहावे. गाडी नुकतीच चालली असेल तर सायलेन्सरला हात लावू नये, तो तापलेला असतो. मग चारही चाकांचे नट पान्याने आवळून बघावेत. पंक्चर काढल्यावर नट सैल राहण्याचा प्रकार घडतो. चाकातून ठकठक येऊन ती वेगाबरोबर वाढत असेल, तर गाडी तेथेच थांबवून नट पाहावेत.

आवाज केव्हा येतो?

खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ठकठक : पुढच्या बाजूचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारची लिंक किंवा शॉकअपचे वरचे माउंटिंग यांपैकी काहीतरी झिजलेले असते. मागच्या बाजूला, बोलेरो किंवा जीपसारख्या पाट्यांच्या गाडीत, पाट्याचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट पाहावेत. यू-बोल्ट नुसता सैल असेल तर आवळून काम भागते. मुख्य पाटाच तुटला असेल तर मात्र गाडी हलवू नये.

वळताना कटकट : मारुती ८००, जिचे उत्पादन १९८३ साली सुरू होऊन २०१४ साली थांबले, तिच्यासारख्या पुढच्या चाकांना ओढ असणाऱ्या गाड्यांत हा आवाज येतो. मोकळ्या जागी स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवावी. कटकट आली तर अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला असे समजावे. त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडते, धूळ शिरते आणि जॉइंट खातो. बूट फाटल्याचे आवाज येण्यापूर्वी दिसले, तर बूट व ग्रीसवर भागते. आवाज सुरू झाल्यावर जॉइंट बदलावा लागतो.

क्लच सोडताना एकच ‘खट्’ : मागच्या चाकांना ओढ असणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. कोणत्याही गाडीत इंजिनाचे फाउंडेशन रबर बसले तरी असा धक्का जाणवतो.

ब्रेक दाबताना ‘ठक्’ : कॅलिपरचे बोल्ट, ब्रेक पॅडच्या क्लिपा आणि लोअर आर्मचा मागचा बुश तपासून घ्यावा. ब्रेकचे काम पुढे ढकलू नये.

गाडी उभी असताना, इंजिनाबरोबर ठोके : हा आवाज चाकांचा नव्हे. इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी व मिस्तरीला गाडीजवळ बोलवावे.

सांधा हलवून पाहणे

मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकवर उचलावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला, तर बहुधा बेअरिंग, आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा संशय घ्यावा. डावी-उजवीकडे धरून हलविल्यावर खेळ आला, तर टाय रॉड एंड पाहावा. बुशांसाठी मिस्तरीने पहार घालून आर्म हलवून दाखवावा. आपण समोर उभे राहून बघावे. एवढे न करता अंदाजाने सुटे भाग बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कोणते काम आज, कोणते उद्या?

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकाचे बेअरिंग, ब्रेक आणि तुटलेला पाटा ही कामे उसाच्या बिलाची वाट पाहत नाहीत. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे होते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. गाडीत पोरेबाळे बसतात, हे विसरू नये. स्टॅबिलायझर लिंक, सायलेन्सरचे रबर, इंजिनाचे फाउंडेशन ही कामे पुढच्या हप्त्यापर्यंत थांबली तर चालते, मात्र वर्षभर नव्हे.

अंदाजपत्रक घेताना सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. बुशाच्या कामात माल थोडा आणि मजुरी जास्त असते, म्हणून आर्म एकदा उतरला की त्यावरचे सगळे झिजलेले बुश त्याच वेळी बदलावेत. शॉकअप जोडीनेच बदलावेत. लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर टायर एका बाजूने खातात. काढलेला जुना भाग परत मागावा. हा गॅरेजवाल्यावर अविश्वास नव्हे, चोख व्यवहाराची रीत आहे.

गाडी ठेवावी की काढावी?

समजा, गाडी विकली तर ९०,००० रुपये येतील आणि आर्म, बॉल जॉइंट, लिंक व मजुरी मिळून १२,००० रुपये सांगितले. तेवढ्यावर गाडी दोन वर्षे चालली, तर महिन्याला ५०० रुपये पडले. दुसऱ्या गाडीचा कर्जाचा हप्ता याच्या कितीतरी पट होईल. शिवाय जुनीच घेतली तर तिचाही खडखडाट असू शकतो.

परंतु आर्म जेथे बसतो तो सांगाडाच गंजला असेल, इंजिन ऑइल पीत असेल आणि टायरही संपले असतील, तर हिशोब बदलतो. खाजगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. त्या वेळी नूतनीकरणाची फी आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हे सर्व एका कागदावर मांडावे. बेरीज गाडीच्या किमतीच्या निम्म्यापुढे गेली, तर आमच्या मते थांबून विचार करावा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कोणालाच परवडत नाही.

हंगामाच्या धावपळीत गाडीकडे दुर्लक्ष होते, हे आम्ही जाणतो. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच एकदा चाके उचलून खेळ पाहावा, फाटलेले बूट बदलावेत आणि जुन्या जीपला निपल असतील तेथे ग्रीस मारावे. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पुढचे मोठे बिल टळते, आणि घरची माणसे निर्धास्त प्रवास करतात.