वंध्यत्वावरील उपचारांचा निर्णय : मालवण किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
विवाहानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की नातेवाइकांची चौकशी सुरू होते आणि तिचा रोख बहुधा सुनेकडेच असतो. मालवण परिसरात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, आंगणेवाडीच्या भराडीदेवीला नवस बोलला जातो. या श्रद्धेचा मनाला आधार मिळतो. मात्र तिच्या भरवशावर तपासणी लांबली, तर गेलेला काळ परत येत नाही. तपासणी, उपचार आणि उपचारांची मर्यादा हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत व ते याच क्रमाने घ्यावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व स्थानिक वास्तव :
१२ महिने वा अधिक काळ नियमित, गर्भनिरोधकाविना शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास वंध्यत्व मानते. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. व्याख्येतील ‘नियमित’ हा शब्द कोकणात विशेष महत्त्वाचा आहे. पती मुंबईत चाकरमानी अथवा जहाजावर नोकरीस आणि पत्नी गावी असेल, तर विवाहास तीन वर्षे होऊनही प्रत्यक्ष सहवास काही महिन्यांचाच ठरतो. याउलट स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच तपासणी करणे इष्ट असते. नेट-सेट आणि तासिका तत्त्वावरील नियुक्तीत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आपल्या अध्यापक वर्गाने हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

निर्णयाचे टप्पे :
१) तपासणी : ती दोघांची व एकाच वेळी व्हावी. वंध्यत्वाच्या बऱ्याच प्रकरणांत पुरुषाशी संबंधित कारण एकटे वा अन्य कारणांसह आढळते. वीर्यतपासणी सोपी व अल्पखर्चिक असूनही ती टाळली जाते आणि स्त्रीच्या गर्भनलिकांच्या तपासण्या मात्र आधी होतात. तपासणी केली म्हणजे उपचार स्वीकारले, असे नव्हे.

२) उपचार : कारणानुसार औषधे, शस्त्रक्रिया, कृत्रिम वीर्यसेचन आणि टेस्ट ट्यूब पद्धती असे पर्याय असतात. कोकणवासीयांना परिचित अशा परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून या पद्धतीने बालक जन्मास आले. आज ही पद्धती रूढ झाली असली, तरी यशाची हमी नाही आणि स्त्रीच्या वाढत्या वयाबरोबर स्वतःच्या बीजांडांद्वारे यशाची शक्यता घटते. बीजांडवाढीची इंजेक्शने साधारणतः १० ते १२ दिवस चालतात. त्या काळात वारंवार सोनोग्राफी करावी लागते. किनाऱ्यावरील अनेक दांपत्यांना त्यासाठी कोल्हापूर, गोवा वा मुंबई गाठावी लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये अशी सुविधा सुरू झाली. उपचारशुल्काखेरीज प्रवास, मुक्काम व बुडणारी मजुरी यांचाही हिशेब आधीच मांडावा.

३) मर्यादा : किती आवर्तने करावयाची, किती रक्कम खर्चावयाची आणि कोठे थांबावयाचे, हे आरंभीच ठरवावे. अपयशानंतरच्या मनःस्थितीत हा विचार शांतपणे होत नाही. ‘आणखी एकदा’ म्हणत दागिने मोडले जातात, कर्ज वाढते. दत्तकाचा विचार असल्यास वयाचे भान हवे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही.

कायद्याचे संरक्षण :
साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम २०२१ अन्वये स्त्रीसाठी २१ ते ५० व पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व धोके यांविषयी समुपदेशन करणे केंद्रावर बंधनकारक आहे. लेखी संमती आवश्यक असून गर्भाशयात भ्रूण सोडण्यापूर्वी ती मागे घेता येते. म्हणजेच थांबण्याचा अधिकार कायद्यानेही मान्य केला आहे.

समारोप :
उपचार घेणे हा दांपत्याचा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. योग्य माहिती घेऊन दोघांनी एकमताने उपचार स्वीकारणे जितके विवेकाचे, तितकेच ते न स्वीकारणे वा मध्येच थांबणेही विवेकाचे आहे. समाजाने, विशेषतः सुशिक्षित सहकाऱ्यांनी, स्टाफरूममधील ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न टाळला, तरी अशा दांपत्यास शांतपणे निर्णय घेण्यास मोठे साहाय्य होईल.