माहितीपत्रक पेशंटच्या घड्याळाप्रमाणे

दवाखान्याचं माहितीपत्रक काढायचं ठरलं की पहिल्या पानावर डॉक्टरांच्या पदव्या येतात. पेशंटला मात्र आधी वेगळंच कळायला हवं असतं: दवाखाना किती वाजता उघडतो, फी किती, रात्री त्रास वाढला तर जायचं कुठे. भिवंडीत तर हे प्रश्न आणखी वेगळे होतात, कारण इथला मोठा वर्ग यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत राबतो आणि भिस्सीत, म्हणजे सामाईक खानावळीत, जेवतो.

त्यामुळे मजकुराची सुरुवात घड्याळापासून करावी. ‘सकाळी एक गोळी, रात्री एक’ हे वाक्य रात्रपाळीच्या कारागिराला फसवतं. त्याची झोपायची वेळ सकाळी येते. गोळीच्या वेळेसाठी सूर्य-चंद्राची चित्रं छापली तरी गोंधळ तोच. त्याऐवजी ‘जेवणानंतर’, ‘झोपण्याआधी’ असं छापावं आणि पुढे तास लिहायला मोकळी चौकट सोडावी. डॉक्टरांनी किंवा कंपाउंडरने पाळी विचारून त्यात पेनाने वेळ भरायची. एवढ्या एका चौकटीसाठीसुद्धा पत्रक छापावं, असं मला वाटतं.

एका पत्रकात एकच विषय घ्यावा. क्षयरोगाचं उदाहरण पाहू. साध्या क्षयाचं औषध साधारण सहा महिने चालतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडतो. यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी लालसर-केशरी होते, तेव्हा रक्त जातंय या भीतीनेही काही जण थांबतात. म्हणून ‘लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका; पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबत नसल्या तर लगेच या’ हे वाक्य ठळक अक्षरांत हवं. खाली निक्षय क्रमांकासाठी, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीच्या क्रमांकासाठी, जागा ठेवावी. कारागीर उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये गावी गेला तर या क्रमांकावरून त्याचे उपचार तिकडच्या सरकारी केंद्राकडे सोपवता येतात. ‘गावी जाण्याआधी आम्हाला सांगा’ ही ओळ त्याच जागेशेजारी यावी.

भाषा हा भिवंडीतला सगळ्यात नाजूक भाग. मराठी, उर्दू, हिंदी आणि पद्मानगरसारख्या वस्तीत तेलुगू. चारही भाषा एका कागदावर कोंबल्या तर अक्षरं बारीक होतात आणि कुणालाच वाचता येत नाहीत. प्रत्येक भाषेचा कागद वेगळा ठेवावा. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून त्या पत्रकाची घडीही उलट बाजूने उघडायला हवी. मराठी पत्रकात नुसता उर्दू मजकूर भरला तर वाचणाऱ्याच्या हाती शेवटचं पान आधी येतं. उर्दूच्या नस्तालीक वळणाच्या अक्षरांना दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. छापण्याआधी एखाद्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्यावं.

काय छापू नये, हेही ठरलेलं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरला स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. नवा दवाखाना, बदललेला पत्ता, काही दिवसांची गैरहजेरी, फी अशा मोजक्या गोष्टी कळवायची मुभा आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असला दावा तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातच अडकतो. फी मात्र स्पष्ट लिहावी. पैशांच्या धास्तीने येणं लांबवणाऱ्याला त्याने धीर येतो.

मागच्या पानावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या आकड्यांत हवा आणि जवळचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणून इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयाचं नाव. दवाखान्याचा पत्ता रिक्षावाल्याला सांगता येईल असा द्यावा, धामणकर नाका किंवा कल्याण नाक्यापासून.

आडव्या ए-४ कागदाला दोन घड्या घालून तीन भाग केले की एक पान जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद उरतं. आत दुमडणारं पान दोन मिलिमीटर कमी ठेवलं तरच घडी नीट बसते, हे छापखान्यात आधी सांगावं. मग थोड्या प्रती काढून वेटिंगमधल्या चार-पाच जणांच्या हातात द्याव्यात. ‘समजलं का?’ असं विचारू नये, सगळेच हो म्हणतात. ‘रात्री उलट्या सुरू झाल्या तर काय कराल, यात दाखवा,’ असं विचारावं. बोट जिथे अडखळेल तिथला मजकूर बदलायचा. कोपऱ्यात महिना आणि साल छापावं, म्हणजे वेळ किंवा फी बदलली की जुन्या प्रती काढून टाकता येतात.