व्हॅम्पायर उन्हाने कधीपासून मरू लागला?

पानावरून पडद्यावर : भाग सहावा

ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत हिंडतो. दिवसा त्याची ताकद कमी पडते, मनाला येईल तेव्हा रूप पालटता येत नाही, एवढेच. ऊन लागले म्हणून तो जळत नाही की विरघळत नाही. १८९७ साली कादंबरी बाहेर पडली तेव्हा यात कुणाला काही खटकले नाही. आज मात्र कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, व्हॅम्पायरला मारायचे कसे? पहिले उत्तर येईल : ऊन दाखवा. हा नियम स्टोकरच्या २७ प्रकरणांत कुठेच नाही. तो जर्मनीत एका मूकपटात जन्मला, आणि कादंबरीचा शेवट कापून टाकल्यामुळे तिथे जी मोकळी जागा उरली त्या जागेत जन्मला.

मागच्या भागात नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचा ‘तुंबाड’मध्ये कसा विस्तार झाला ते पाहिले. तिथे छोट्या ऐवजात भर घालायची होती. या वेळचा मामला उलटा आहे. हातात जाडजूड ग्रंथ, खिशात बेताचे पैसे, आणि ग्रंथाचे हक्कही विकत घेतलेले नाहीत.

आल्बिन ग्राऊ आणि एन्रिको डीकमन यांनी १९२१ मध्ये ‘प्राना-फिल्म’ ही कंपनी काढली. नावातला ‘प्राना’ म्हणजे आपला प्राणच. ग्राऊ चित्रकार आणि नेपथ्यकार होता, शिवाय गूढविद्येच्या पुरता नादी लागलेला. कंपनीच्या घोषणा मोठमोठ्या होत्या, पण तिच्या हातून चित्रपट एकच पुरा झाला : ‘नॉस्फेराटू’. पटकथा हेन्रिक गालेनची, दिग्दर्शन एफ. डब्ल्यू. मुर्नाउचे. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, नायक जोनाथनचा हुटर, त्याची बायको मीना हिची एलेन, आणि लंडनच्या जागी विसबोर्ग हे काल्पनिक जर्मन बंदर आले. नावे बदलून चोरी पचवण्याचा हा बेत होता, असे नेहमी सांगितले जाते. पण चित्रपटाच्या मूळ जर्मन पाट्यांतच स्टोकरचे आणि ‘ड्रॅक्युला’चे नाव सरळ छापलेले आहे. चोर दारावर आपल्या नावाची पाटी लावून जात नाही. तेव्हा बदलांची कारणे दुसरीकडेच शोधायला हवीत.

सर्वांत मोठी कात्री लागली ती मीनाच्या मैत्रिणीला, लूसीला. कादंबरीचा मधला मोठा भाग या मुलीच्या मरणाचा आहे. तिला तिघांकडून लग्नाची मागणी येते. रात्री-अपरात्री कुणीतरी तिचे रक्त पिऊन जाते. तिला वाचवायला चार पुरुष पाळीपाळीने आपले रक्त देतात (रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा काही वर्षे अवकाश होता, त्यामुळे आजच्या डॉक्टरला हा भाग वेगळ्याच कारणाने भयंकर वाटेल). ती मरते, थडग्यातून उठून लहान मुलांना ओढून नेऊ लागते, आणि शेवटी तिचा वाग्दत्त वरच तिच्या छातीत लाकडी खुंट ठोकतो. स्टोकरच्या अख्ख्या पुस्तकात यापेक्षा अंगावर येणारे प्रकरण नाही. चित्रपटात यातले काही नाही. हुटरच्या मित्राची बहीण अधूनमधून दिसते, तेवढीच काय ती लूसीची खूण.

लूसीबरोबर बाकीचेही बरेच गेले. तिघे उमेदवार गेले, रक्तदान गेले, लसणाच्या माळा गेल्या, स्मशानातला खुंट गेला. महत्त्वाचे म्हणजे ड्रॅक्युलाचा पाठलाग करणारी टोळीही गेली, कारण कादंबरीत ती टोळी लूसीच्या मरणातूनच तयार होते. पटकथाकाराला याची किंमत शेवटच्या रिळात मोजावी लागली.

त्याआधी किल्ल्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. कादंबरीत जोनाथन किल्ल्यात पडून असताना तीन तरुण स्त्रिया त्याच्यावर झुकतात. त्याला भीती वाटते आणि मोहही पडतो. ऐन वेळी ड्रॅक्युला येऊन त्यांना हाकलतो आणि बदल्यात एका पिशवीत घातलेले तान्हे मूल त्यांच्यापुढे टाकतो. नंतर त्या मुलाची आई अंगणात येऊन आकांत करते आणि लांडगे तिला फाडतात. १९२२ मध्ये हे दाखवण्याची सोय नव्हतीच. पटकथेत तिन्ही स्त्रिया नाहीत, मूल नाही, आई नाही. मग हुटरला त्या रात्री वाचवणार कोण? मुर्नाउने उत्तर कात्रीतूनच काढले. ऑर्लोकची सावली हुटरवर चढत जाते. इकडे शेकडो कोस लांब विसबोर्गमध्ये एलेन झोपेतून ताडकन उठते आणि हात पसरून नवऱ्याला हाक मारते. पुढच्या चित्रात ऑर्लोक मान वळवतो, जणू ती हाक त्यालाच ऐकू आली. दोघे एका चौकटीत कुठेच नाहीत, फक्त दोन तुकडे शेजारी जोडलेले आहेत. तीन बायकांचा अख्खा प्रसंग गेला आणि त्या जागी नायिका व राक्षस यांच्यात थेट तार जुळली. कादंबरीत एवढ्या लवकर असे काही नाही. कापल्यामुळे कथा घट्ट झाली, असे म्हणावे ते इथे.

जर्मन रूपांतरात प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगचे जे झाले ते तर गमतीदार आहे. स्टोकरचा हा डच विद्वान सगळे जाणतो, लांबलचक व्याख्याने देतो आणि मोहिमेचा म्होरक्या होतो. गालेनने त्याचा प्रोफेसर बुल्वर केला. गावावर संकट चाल करून येत असताना हा गृहस्थ विद्यार्थ्यांना किडे खाणारी वनस्पती आणि सोंडांनी भक्ष्य पकडणारा जलचर दाखवत बसतो. शेवटी तो धावत येतो खरा, पण सगळे आटोपल्यावर. त्याची व्याख्याने एका जुन्या पोथीत कोंबली आहेत. हुटरला ती वाटेतल्या खाणावळीत सापडते. घरी आणल्यावर तो बायकोला ती वाचायला मनाई करतो, आणि अर्थातच ती वाचते.

टंकलेखन यंत्र, फोनोग्राफ, तारा हेही सगळे गळले. स्टोकरची कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि कात्रणे यांची चळत आहे, आणि तिच्यातली माणसे आपल्या काळाच्या यंत्रांवर खूश आहेत. चित्रपट मात्र १८३८ सालात नेऊन ठेवला आहे. कारण उघड आहे : व्हिक्टोरियन लंडन स्टुडिओत उभे करण्यापेक्षा विस्मारचे बंदर आणि ल्यूबेकची मिठाची जुनी कोठारे जशी आहेत तशी टिपणे स्वस्त पडते. ती पडीक कोठारे ऑर्लोकचे घर झाली, आणि किल्ल्यासाठी मंडळी स्लोव्हाकियातल्या ओरावाला गेली. कॅमेरा एकच होता, त्यामुळे मूळ निगेटिव्हही एकच. काटकसरीतून आलेले हे खरे दगड आणि खरे पाणी आज शंभर वर्षांनंतरही कॅनव्हासच्या भिंतींपेक्षा जास्त भीती घालतात.

कापलेल्या जागी नवे काय घातले? प्लेग. कादंबरीत पडक्या घरात उंदीर आहेत, पण साथ नाही. इथे जहाजातून ऑर्लोकबरोबर उंदीर उतरतात आणि गावातून शवपेट्यांची रांग चालू लागते. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी नुकतेच महायुद्ध पाहिले होते आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथही. इंग्लंडमधल्या एका मुलीच्या मरणापेक्षा गावच्या गाव ओस पडणे त्यांना जास्त ओळखीचे होते.

आता शेवट. कादंबरीत टोळी ड्रॅक्युलाचा माग काढत पार ट्रान्सिल्व्हानियात जाते, आणि सूर्य मावळायच्या बेतात असताना जोनाथन त्याच्या गळ्यावर सुरा चालवतो, तर टेक्सासचा क्विन्सी मॉरिस छातीत चाकू खुपसतो. पण इथे टोळीच नाही, मॉरिस नाही, आणि प्रोफेसर कुचकामी. राक्षसाला मारायला घरात उरली एकटी एलेन. तिने त्याला रात्रभर आपल्यापाशी गुंतवून ठेवावे, कोंबडा आरवल्याचे त्याला भान राहू नये, आणि खिडकीतून आलेल्या पहिल्या किरणाने काम तमाम करावे. मुर्नाउजवळची पटकथेची प्रत टिकून आहे. तिच्यात नेमकी या प्रसंगाची बारा पाने गालेनची नाहीत, ती मुर्नाउने नव्याने लिहिली. ऑर्लोक छातीवर हात घेतो, वळतो, झिरझिरीत होतो आणि धूर उरतो. एकावर एक दोन चित्रे घेण्याची साधी युक्ती. त्या युक्तीने व्हॅम्पायरांच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांना उन्हाची बाधा जडवली.

हा नियम खुद्द या चित्रपटाच्याच अंगाशी आला. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी टिपून नंतर फिल्म निळ्या रंगात बुडवली होती. पुढे परदेशात ज्या काळ्यापांढऱ्या प्रती फिरल्या त्यांत तो निळा रंग नव्हता. मग ऑर्लोक काखेत शवपेटी मारून भर उन्हात बंदरावरून चाललेला दिसे, आणि शेवटी त्याच उन्हाने मरे. प्रेक्षक हसत, ते योग्यच होते. रंगीत छटांची जुनी फ्रेंच प्रत हाताशी आल्यावर अलीकडच्या जीर्णोद्धारात रात्र पुन्हा रात्र झाली.

स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिच्या हाती १९२२च्या वसंतात बर्लिनच्या खेळाचे कार्यक्रमपत्रक पडले. तिने लेखकांच्या संघटनेमार्फत दावा लावला. प्रानाने तोवर दिवाळे काढले होते, तेव्हा भरपाई कुणाकडून मागायची हाच प्रश्न. शेवटी जुलै १९२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने सगळ्या प्रती आणि निगेटिव्ह नष्ट करण्याचा आदेश दिला. लूसी, टोळी, लंडन, नावे, एवढे सगळे काढूनही न्यायालयाला त्यात ‘ड्रॅक्युला’च दिसला. परदेशी गेलेल्या प्रतींनी मात्र चित्रपट वाचवला. १९३० मध्ये जर्मनीत मुर्नाउला न विचारता ‘बारावा तास’ या नावाने आवाज जोडलेली एक आवृत्तीही निघाली. तिच्यात नावे पुन्हा बदलली, नवे तुकडे घुसडले. म्हणजे कापणाऱ्यालाही कापले.

धारपांच्या वाचकांना यातला एक धागा आपल्या घराजवळ लागतो. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आलेली. किंगचा व्हॅम्पायर बार्लो बोलका, सुसंस्कृत, माणसासारखा. १९७९च्या दूरचित्रवाणी मालिकेत मात्र त्याचे संवाद काढून टाकले आणि टक्कल, उंदरासारखे दात, लांब नखे दिली : मॅक्स श्रेकने साकारलेला ऑर्लोक थेट उचलला.

त्याच वर्षी वेर्नर हेर्त्सोगने क्लाउस किन्स्कीला घेऊन ‘नॉस्फेराटू’ पुन्हा केला. कॉपीराइटची धास्ती संपल्याने ड्रॅक्युलाचे नाव परत आले. १९२२ मध्ये कापलेला लाकडी खुंटही परत आला. सकाळी किरणांनी काउंट कोसळल्यावर व्हॅन हेल्सिंग वर जाऊन तो ठोकतो, आणि खाली आल्यावर खुनाच्या आरोपावरून त्याला अटक करण्याचा हुकूम सुटतो. अडचण एवढीच की प्लेगने पोलीसही गेलेत आणि तुरुंगावरही कुणी नाही.

पुढच्या भागात : पाट्रिक झ्यूसकिंडची १९८५ची ‘दास पार्फुम’. टॉम टिकवरने २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा एक विक्षिप्त मार्की त्याच्या सगळ्या शास्त्रीय सिद्धांतांसकट गाळला. त्याची जागा कुणी भरून काढली, ते तेव्हा पाहू.