यवन नाण्यांची साक्ष

नागसेनवनात शिकलेल्या कोणालाही ‘मिलिंद’ हे नाव परके नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेले महाविद्यालय पुढे याच नावाने प्रसिद्ध झाले. भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणारा हा यवन राजा पाली वाङ्मयात ‘मिलिन्दपञ्हा’मधून भेटतो. मात्र त्याची समकालीन साक्ष त्याच्या नाण्यांवर आहे. या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लेख असतो, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे ‘त्राता महाराज मिनँडर याचे’, असे कोरलेले असते.

ही नाणी केवळ वायव्येकडेच राहिली नाहीत. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, भरुकच्छ (भडोच) येथे मिनँडरचे जुने द्रम्म अद्याप चालतात, अशी नोंद आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी तेथे बदलून घेण्यात नफा होई, असेही तो ग्रंथकार सांगतो. पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांतून याच बंदरास जात असे. यवनांचा पैसा आणि आपली भूमी यांचा संबंध असा जुना आहे.

या संबंधाचा सर्वांत बोलका पुरावा नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडला. तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा तो साठा होता. क्षत्रप नहपानाच्या या नाण्यांवर त्याचे नाव ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तिन्ही लिपींत आहे. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे त्रिरश्मी लेण्यातील लेख सांगतो. त्यास या साठ्याने दुजोरा दिला.

त्याच त्रिरश्मी लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कहापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० कहापण होते; त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कहापण चीवरासाठी मिळावयाचे. विनयानुसार भिक्खूस सोनेचांदी स्वीकारता येत नाही. मुद्दल श्रेणीकडे अक्षय ठेवून केवळ व्याज संघाच्या गरजेसाठी लावण्याची ही व्यवस्था त्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. हे कहापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच होत, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे लेखातील शब्द भिंतीवर आहे आणि त्याची वस्तू जोगळटेंभीच्या साठ्यात आहे.

येथेच नाणेसंग्राहकाची जबाबदारी सुरू होते. जोगळटेंभीची नाणी एकत्र तपासली गेली, म्हणून पुन्हा छापलेली किती व न छापलेली किती हे समजले. तीच नाणी सुटी विकली गेली असती, किंवा सराफाच्या मुशीत गेली असती, तर इतिहासाचे एक पानच नाहीसे झाले असते. नाणे कोठे, कशासोबत व किती खोलीवर सापडले, ही माहिती हरवली की उरते ती केवळ धातूची किंमत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावात सापडलेल्या वस्तू जमविल्या. आज तेथील शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. संग्रह असा असावा.

शेतात वा पाया खोदताना जुनी नाणी मिळाल्यास ती घासू नयेत, वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. आपल्या पूर्वजांचा धम्म पुसून टाकला गेला, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. म्हणूनच जो पुरावा आजही मातीतून वर येतो, तो आपल्या हातून तरी पुसला जाऊ नये.