चढावर मिसिंग मारणारी गाडी
दासगावहून महाडपर्यंत गाडी सुरळीत येते, पोलादपूर सोडून कशेडीचा चढ लागला की झटके देते आणि गॅरेजात नेली की काहीच सापडत नाही. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये हे मिसिंग फार जाणवतं. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीनच. एक चुकला की तिसरा हिस्सा ताकद गेली.

चढावरच का? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. डिस्ट्रिब्युटर कॅपला केसाएवढी चीर असली, तर सावित्रीकाठच्या पावसाळी दमट हवेत वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच निसटते.

म्हणून मी अंधार पडायची वाट बघतो. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, लांबूनच प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. गळती असेल तर निळसर ठिणगी नाचताना दिसते, टकटक ऐकू येते. वायरींना हात अजिबात लावू नका. पंख्यापासून ओढणी, बाह्या जपा. नंतर इंजिन बंद करून कॅपच्या आत टॉर्च मारा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर पुसून भागत नाही, कॅप बदलावीच लागते.

झटका न बसता गाडी हळूहळू मरगळत असेल, तर आधी पेट्रोल फिल्टर आणि कार्बोरेटरचे जेट बघा. आणि तापल्यावर बिघडून अर्ध्या तासाने आपोआप सुधारत असेल, तर माझा पहिला संशय कॉईलवर.