पुन्हा पहिले पाऊल

पेडण्याच्या आजोळी शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या अनवाणी उतरण्यात माझे बालपण गेले आणि पुढे डिचोलीत बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करताना पंचवीस वर्षे सरली. निसरड्या वाटेची मला भीती अशी कधी वाटली नव्हती. हा अहंकार वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी केदारकंठाच्या उतारावर गळून पडला.

उत्तराखंडातील सांकरी या गावाहून आम्ही चार डॉक्टर मित्र डिसेंबरात निघालो होतो. शिखराची उंची सुमारे १२,५०० फूट. शेवटच्या चढणीआधी, पहाटेच्या अंधारात, वाटाड्याने आमच्या बुटांवर रबरी पट्ट्याला साखळ्या आणि छोटे दाते असलेली जोडी चढवली. पदभ्रमण करणारे तिलाच क्रॅम्पॉन म्हणतात. गिर्यारोहकांचे खरे क्रॅम्पॉन मात्र पोलादी चौकटीचे, लांब दात्यांचे असतात आणि त्यांना ताठ तळव्याचे बूट लागतात. ऑस्कर एकेन्स्टाईन या इंग्रज अभियंत्याने १९०८ मध्ये दहा दात्यांचा आराखडा सिद्ध केला. लॉरां ग्रिव्हेल यांनी १९२९ मध्ये पुढे रोखलेले दोन दाते जोडले आणि उभी हिमभिंत चढणे सुकर झाले. तत्त्व साधेच आहे. देहाचा भार तळव्याभर न पसरता टोकांवर एकवटतो आणि टोके कठीण बर्फात रुततात.

चढताना सारे निर्विघ्न पार पडले. उतरताना मी सवयीने पाय जवळ ठेवून, टाच आधी टेकवत चालू लागलो. उजव्या बुटाचा दाता डाव्या विजारीत अडकला आणि मी कोसळलो. काही फूट घसरल्यावर वाटाड्याने पाठपिशवीचा पट्टा धरून मला थोपवले. पोटरीवर एक ओरखडा, एवढ्यावरच निभावले. खाली खोल उतार होता.

वाटाड्याने शांतपणे सांगितले: पाय फाकवून ठेवा, पाऊल सपाट टेकवा म्हणजे सगळे दाते एकदम रुततील, आणि पावले लहान टाका. पुढे ऊन चढून बर्फ ओलसर झाला, तेव्हा तळव्याखाली त्याचे गोळे चिकटू लागले. अशा वेळी दाते बर्फापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून तो बूट काठीने ठोकायला लावी. आमच्यातील अस्थिरोगतज्ज्ञ बसून घसरत जाण्याच्या तयारीत होता. वाटाड्याने आधी त्याचे क्रॅम्पॉन काढून घेतले. वेगात दाता रुतला तर घोटा मोडतो, हे त्या अस्थिरोगतज्ज्ञाला एका पहाडी तरुणाने समजावले!

उरलेला उतार उतरताना मला जाणवले, की ही चाल माझ्या रोजच्या परिचयाची आहे. फाकलेले पाय, सपाट तळवे, आखूड पावले, तोलासाठी पसरलेले हात. वर्षाचे मूल प्रथम चालू लागते ते असेच. पडण्याची शक्यता त्याच्या देहाने मान्य केलेली असते. आम्ही प्रौढ ती विसरतो आणि साधन पायात आले की कौशल्यही आले असे मानतो.

हिमालयात जाऊ इच्छिणाऱ्या सहव्यावसायिकांना म्हणूनच माझी विनंती आहे. सौम्य उतारावर तासभर सराव केल्याशिवाय वर जाऊ नका. सैल विजार घालू नका. पट्टे पुन्हापुन्हा तपासा.

परवा एका आईने काळजीने विचारले, “डॉक्टर, बाळ पाय फाकवून चालतं, काही दोष तर नाही ना?” तपासून मी म्हणालो, “नाही हो. त्याचं बरोबर आहे. मलाही तसंच चालायला शिकावं लागलं.”